मुखींच्या झोपाळ्यावरचा पापड

पिंपरी कँप,
माघ वद्य पंचमी, १९५५

तीर्थस्वरूप सौ. सुभद्रावहिनींच्या चरणी धाकटा दीर सयाजी याचा दंडवत. मी इथे खुशाल आहे. तुमची कंबर, दादांचा दमा आणि तांबडीची कालवड, तिन्ही बरी असावीत अशी आशा करतो. (कालवडीला दादांच्या दम्याच्या ओळीत बसवलं म्हणून रागावू नका. तुम्हीच मागं दादांच्या आधी तिची खुशाली कळवली होती.) पत्र नेहमीप्रमाणे इंदूच वाचून दाखवत असेल. तिला सांगा, सावकाश वाच आणि कंसातला मजकूर गाळू नकोस.

तुमचा निरोप पोचला. तिथलं पाणी कुणाच्या हातचं ते कळल्याबिगर मी इंदूला धाडायची न्हाई, असं तुम्ही म्हणालात. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, माझ्याही गळ्यात तुम्हीच लहानपणी घातलेली, आणि इथे कँपात तर सारे सिंधी, फाळणीत घरदार टाकून आलेले, मासळी आवडीनं खाणारे. तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. पण लग्न करून आणलेल्या इंदूवाचून मला इथे मुळीच करमत नाही, हेही तितकंच खरं आहे. (इंदू, हे वाक्य मोठ्यानं वाचलंस ना?) म्हणून पाण्याचा वृत्तांत काही न लपवता लिहितो.

मी इथे इंग्रजी शिकवतो म्हणजे काय करतो, ते आधी सांगायला हवं. पोरांना मराठी येत नाही, मला सिंधी येत नाही आणि इंग्रजीची दोन्हीकडे बेताचीच ओळख, त्यामुळे बराचसा धडा हातवाऱ्यांनी होतो. सिंधी उजवीकडून डावीकडे लिहितात. पोरं सवयीनं इंग्रजीची वहीसुद्धा मागच्या पानापासून सुरू करतात. पहिल्या दिवशी मी सगळ्या वह्या उघडून पाहिल्या, पहिलं पान कोरं, आणि अख्ख्या वर्गाला अंगठे धरून उभं केलं. बिचाऱ्यांनी अभ्यास केलेला होता, मलाच तो पाठीमागून पाहायचं सुचलं नाही. सकाळी सकाळी हे लोक कडक तळलेली पुरी डाळीबरोबर खातात. मास्तराला साईं म्हणतात. आणि पलटणीसाठी बांधलेल्या बराकीतल्या एवढ्याशा खोलीत, जिथं माणसं दाटीवाटीनं झोपतात, तिथं आढ्याला झोपाळा टांगतात! सगळं गेलं तरी झोपाळा हवाच, असं शेजारच्या जेठीबाई म्हणतात. मला हे फार नवलाचं वाटतं. मी रोज काहीतरी विचारत बसतो आणि त्या रोज हसतात.

जेठीबाई तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारख्याच करड्या शिस्तीच्या. मी शाळेत असताना नळाला पाणी येतं, म्हणून आल्या दिवसापासून माझी घागर त्याच भरून ठेवतात. (झालं. सांगून टाकलं. वहिनी, पुढचं ऐका, मग काय ते बोला.)

तर शाळेच्या कमिटीचे प्रमुख मुखी (म्हणजे आपल्याकडचे पाटीलच) रोचलदास. मला नोकरीत कायम करायचं की जूनमध्ये घरी पाठवायचं, ते त्यांच्या हातात. त्यांनी एका संध्याकाळी मला घरी जेवायला बोलावलं. मी दुपारचं जेवण बुडवूनच गेलो. मला मानानं झोपाळ्यावर बसवलं, एका पोरीनं झोका दिला, आणि मुखींच्या बायकोनं माझ्या हातात एक भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला दिला. बस्स. ना ताट, ना पाट.

आता वहिनी, तुमच्या हाताखाली वाढलेला माणूस नुसता पापड खाईल का? भात वाढल्याखेरीज पापडाला हात लावला म्हणून तुम्ही मला चुलीपुढून उठवलं होतं, ते मी विसरलेलो नाही. मी पेला खाली ठेवला (जेवणाआधी पाण्यानं पोट भरायचं नाही, हीही तुमचीच शिकवण) आणि पापड दोन्ही हातांनी धरून ताटाची वाट बघत बसलो. झोपाळा पुढं जायचा, मागं यायचा. मुखी पापडाकडे बघायचे, मी स्वयंपाकघराकडे बघायचो. आतून आमटीचा असा वास येत होता की काय सांगू! ते पुन्हा पुन्हा हातानं खूण करत होते, आणि मी मोठ्या विनयानं मान हलवत होतो. पापड मऊ पडला. मी तो झोपाळ्यावर अलगद ठेवला, नमस्कार केला आणि उपाशीपोटी घरी आलो. सिंधी लोक कंजूष असतात, असा माझा वाटेत अगदी पक्का सिद्धांत झाला.

दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा. घागर कोरडी. जेठीबाईंचं दार बंद. दूध घालायला येणारा पिंपरी गावातला गेनबा म्हणाला, "मास्तर, आवो समदा कँप बोलतोय, तुमाला त्यांचं पाणी चालत न्हाई म्हणून. खरं हाय का?" मी सांगितलं, छे. पण कँपाला कोण सांगणार? दोन-तीन दिवस मी स्वतः नळावर गेलो. बायका मला बघून घागरी उचलून बाजूला व्हायच्या. मला फार वाईट वाटलं, वहिनी.

शेवटी जेठीबाईच दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्टर, हमारा पानी खराब है क्या?" मग मी माझ्या मोडक्या हिंदीत भात, ताट, चूल आणि तुम्ही, सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. लावलेला पदर मात्र लवकर निघाला नाही. त्यांच्यात उंबऱ्यात कुणीही येवो, आधी पापड आणि पाणी. तू कोण, कुठला, कशाला आलास, हे नंतर. पाहुण्यानं ते घेतल्याशिवाय जेवण वाढायचं कसं? कराचीहून येताना एका स्टेशनावर त्यांनी तान्ह्या नातवासाठी पाणी मागितलं होतं. तिथल्या बाईनं आधी विचारलं, तुम्ही कोण? आणि उत्तर ऐकून तांब्या मागं घेतला. हे सांगून त्यांनी मला पापड दिला. मी खाल्ला. पाणी प्यालो, घटाघटा.

मग मुखींकडे माफी मागायला निघालो, तर वाटेत दारोदारी अडवणूक. प्रत्येक घरी पापड, प्रत्येक घरी पाणी. मुखींच्या झोपाळ्यावर पोचलो तेव्हा पोटात जागा नव्हती, आणि त्या दिवशी खरोखरच ताट वाढून आलं! भात, आमटी, भाजी सगळं. माझ्यासाठी वेगळं पातेलं राखेनं घासून ठेवलं होतं. ते मला कुणी सांगितलं नाही, मीच पाहिलं. माळ गळ्यात आहे तशीच आहे.

दादांना दंडवत. लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो पत्र संपेपर्यंत तरी टिकवावा.

तुमचा,
सयाजी

ता. क. मला कायम केलं. खोलीही कायमची मिळाली. सायकल मारली की देहूला दर्शन करून दुपारच्या आत परत येता येतं, हे तुमच्या माहितीसाठी.

ता. क. दुसरा. इंदूला पाठवा असं मी या पत्रात कुठंही म्हटलेलं नाही, हे ध्यानात घ्यावं.

ता. क. तिसरा. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. पत्र टपालानं आलेलं नाही. ज्या बाईंनी ते तुमच्या हातात दिलं, त्याच जेठीबाई. त्यांचा भाऊ कापड घेऊन कराडच्या बाजाराला निघाला होता, त्याच्याबरोबर त्या हट्टानं आल्या आहेत, इंदूला स्वतःची सून मानून न्यायला. बसा म्हटल्याशिवाय त्या बसायच्या नाहीत, तेव्हा एवढा वेळ ओट्यावर उभ्याच असतील. त्यांना पाणी आतल्या माठातलं द्यायचं की बाहेरच्या तांब्यातलं, ते तुम्ही ठरवा. मी काही सांगत नाही. कुठलं दिलंत, तेवढं मात्र इंदूनं मला इथे येऊन सांगावं.