थोरलीची झोप

१४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! भाच्यानं ट्रंक वर आणून ठेवली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, मावशी, तुझ्या बोर्डिंगपेक्षा हे झकास आहे. आहेच. खाद्याच्या कोठारावरची खोली. खालून सफरचंदांचा आणि ओल्या पेंढ्याचा वास येतो. लोखंडी पलंग, पांढरी चादर, कोपऱ्यात लहानशी शेगडी. खिडकी थेट अस्वलांच्या आवारावर उघडते.

एकतीस वर्षं सिस्टरांच्या बोर्डिंगात मुलींची मेट्रन होते. बोर्डिंग बंद झालं आणि माझी खोलीही गेली. मग ही जाहिरात दिसली: अस्वल उद्यानात हिवाळी देखरेख, राहण्याची सोय. मालकांनी मुलाखतीत एकच विचारलं, शिस्त लावता येते का? मला हसूच आलं. साठ मुलींच्या वेण्या आणि साठ मुलींची भांडणं सांभाळलेल्या बाईला हे विचारतात!

सात अस्वलं आहेत. काळीभोर, कान बशीएवढे गोल, मानेभोवती दाट आयाळ आणि छातीवर पांढरी कोर. शाळेच्या गणवेशावरची कॉलरच जणू. प्रत्येकाची कोर वेगळी. सगळ्यात मोठ्या मादीची कोर डावीकडे तुटलेली आहे. तिला इथे थोरली म्हणतात. मी खिडकीत उभी राहिले तेव्हा ती मागच्या पायांवर उठून माझ्याकडे बघत राहिली. नव्या मेट्रनला पोरी बघतात तशी.

१७ नोव्हेंबर
इथली हवाच वेगळी. नऊ-नऊ तास गाढ झोपते. कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते.

माणसं मोजकीच. अस्वलांना खायला घालणारे मामा. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नाही, पण सगळे मामाच म्हणतात. स्वयंपाकाची बाई लवंगी. तिखट बोलते म्हणून हे नाव आणि तिला ते आवडतं. आज मला म्हणाली, मेट्रनबाई, तुम्ही पानातलं एवढंसं टाकलंत तरी मी विसरत नाही, आधीच सांगून ठेवते. शिवाय आठवड्यातून एकदा जनावरांची डॉक्टरीण येते. तरुण आहे, नखं कुरतडते. बोर्डिंगात असती तर मी तिच्या बोटांना कडू औषध लावलं असतं.

मामांनी आज मला शिकवलं. ही जात डोंगरातल्या दाट जंगलातली. ओकच्या झाडावर चढायचं, फांद्या मोडून फळं खायची आणि मोडलेल्या फांद्या बुडाखाली दाबत जायच्या. शेवटी झाडावर माचाच तयार होतो. थंडीआधी दोन महिने नुसतं खायचं, चरबी साठवायची आणि बर्फ पडलं की पोकळ खोडात शिरून झोपायचं. ना खाणं, ना पिणं, ना लघवी. त्या झोपेत तळपायांची जुनी कातडी गळते आणि खाली नवी, गुलाबी येते. पोटुशी मादी तर झोपतेच झोपते. पिल्लं त्या झोपेतच होतात. पावभर वजनाची, आंधळी, केस नसलेली. आई अर्धवट जागी होते, चाटते, छातीशी घेते आणि पुन्हा झोपते.

इथे पोकळ खोडं कुठे आहेत, असं मी विचारलं. मामांनी टोपी सारखी केली आणि बादल्या उचलल्या.

२३ नोव्हेंबर
आज मला माझं खरं काम कळलं.

मालकांचं म्हणणं, हिवाळा हाच कमाईचा काळ. लोक बर्फ बघायला वर येतात. झोपलेलं अस्वल म्हणजे काळं पोतं, बाई, आणि पोतं बघायला कुणी तिकीट काढत नाही. म्हणून आवारावर चोवीस तास मोठे दिवे, गरम हवेचे पंखे आणि दर अर्ध्या तासाला पत्र्याचा डबा बडवायचा. भिंतीला वही टांगली आहे: वेळ, कोण झोपलं होतं, कुणी उठवलं, सही. ती वही आता माझी.

मी बोलले. चांगलं बोलले. सिस्टरांनी शिकवलेल्या नम्र भाषेत माणसाला सोलून काढता येतं, तसं बोलले. ते ऐकून घेत होते, कपबशीवरची माशी हाकलत. मग म्हणाले की खोली नोकरीबरोबर आहे.

परत आले, पलंगावर बसले. जायचं कुठे? भाच्याकडे दोन खोल्या आणि चार माणसं.

२ डिसेंबर
डब्याचा आवाज मला सहन होत नव्हता. अस्वलं दचकून भिंतीवर आदळत. मग मी माझी रीत काढली. बोर्डिंगात मी मुलींना घंटेनं कधीच उठवलं नाही. तळपायाला एक बोट लावायचं आणि हळूच नाव घ्यायचं. इथे लांब काठीच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि गजांतून तळव्याला लावलं. थोरली, ऊठ बाळा. ती दचकली नाही. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली.

मालक खूश. डब्यानं उठलेली अस्वलं पुन्हा डुलकी काढायची. माझ्या हाकेनं उठलेली अजिबात झोपत नाहीत. वाट बघत बसतात माझी.

मला वाटलं होतं, मी त्यांच्यावर माया करते आहे.

१५ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून तपासलं. थोरलीच्या पोटात दोन हृदयं आहेत. पिल्लं जानेवारीच्या मध्यावर होतील, म्हणाल्या. या जातीत बीज महिनोन्‌महिने थांबून राहतं आणि आईच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच रुजतं.

नंतर मामांनी मला बाजूला घेऊन गेल्या वर्षीचं सांगितलं. गेल्या वर्षीही थोरलीला झोपू दिलं नव्हतं. दिव्यांखाली, फरशीवर, बघ्यांसमोर ती व्याली. महिनाभर जागी, डोळे लाल, भ्यालेली. पिल्लू तिनं हुंगलं आणि खाल्लं. मालकांनी मामांना, मुलांना मागे घ्या, असं लोकांवर ओरडायला लावलं. पंखे मात्र चालूच.

मी तडक ऑफिसात गेले. नम्र भाषा दारातच सोडली. थोरलीला अंधार आणि पेंढा मिळालाच पाहिजे, मी म्हटलं. मालक म्हणाले, दोन आहेत? मग तर पाटीच लावू.

राग काय असतो ते मला साठीला आल्यावर कळलं. त्यांच्या टेबलावरची शाईची दौत मी उचलली आणि फेकण्याऐवजी नीट झाकण लावून परत ठेवली. त्या झाकणाचाच मला सगळ्यात जास्त राग येतो आहे.

२१ डिसेंबर
अस्वलांनी खाणं सोडलं. मी काठी नेत नाही, वहीत खोट्या सह्या करते, पण आता काही उपयोग नाही. सातही जणं मागच्या पायांवर उभी असतात, एका रांगेत, खिडकीकडे तोंड करून. आवाज नाही. सात कोरी, चौदा डोळे.

लवंगी आज बटाटे सोलता सोलता झोपली. मी चेष्टा केली, आता तुझ्या पानातलं कोण बघणार? ती उठली नाही. चिमटा काढला, पाणी मारलं. नाही.

२३ डिसेंबर
डॉक्टरीणबाई लवंगीला जीपमधून खाली दवाखान्यात घेऊन गेल्या. नाडी मिनिटाला अकरा. चेहरा मात्र न्हाऊन निजलेल्या मुलीसारखा. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. नर्सनं मोजे काढले तर लवंगीच्या तळपायाची कातडी अख्खी सुटून आली. खाली गुलाबी.

२९ डिसेंबर
बर्फानं रस्ता बंद. एक माणूस येत नाही. तरी दिवे चालू, पंखे चालू. रस्ता उघडला की जागी हवीत, मालक म्हणतात. डॉक्टरीणबाई फोन उचलत नाहीत. आज त्यांच्या आईनं उचलला. मुलगी परवापासून निजली आहे, म्हणाल्या, बिचारी दमली असेल.



२ जानेवारी
मामा बादली हातात घेऊन स्टुलावर बसले आणि गेले. मेले नाहीत. झोपले. मालकांनी त्यांच्या कानाशी तासभर डबा बडवला, वर बर्फाचं पाणी ओतलं. मी डबा ओढत होते, त्यांनी मला ढकललं.

मामांनी डोळे उघडले. त्याच क्षणी आवारात धप्प आवाज झाला. बोका म्हणतात तो जाडा नर आडवा पडला होता. घोरत होता.

मामा खूप वेळ हात बघत राहिले. मग म्हणाले, मी झाडावर होतो, बाई. माचावर. तोंडात ओकचं फळ होतं. कडू होतं आणि मला आवडत होतं.

मी म्हटलं, ती बोक्याची झोप होती. त्यांनी मान डोलावली. आपण त्यांची झोप काढून घेतली, ती कुठेतरी जाणारच होती, म्हणाले.

३ जानेवारी
मामा चालत खाली गेले, डॉक्टर आणायला. चालत राहिलो तर झोपणार नाही, म्हणाले. टोपी माझ्याकडे ठेवायला दिली. तासाभरानं बोका उठून उभा राहिला.

टोपी उशीखाली ठेवली आहे.

६ जानेवारी
शेगडीपाशी पाच मिनिटं डोळा लागला. उबदार काळोख. ओल्या लाकडाचा वास. आणि माझ्या बरगड्यांखाली, जिथे कधी कुणी नव्हतं तिथे, दोन बारीक ठोके. टकटक, टकटक. इतकं सुख मला आयुष्यात—

जागी झाले तेव्हा रडत होते. खिडकीत बघितलं. थोरली उभी होती. हाडं दिसताहेत. ताठ, डोळे सताड.

तिची माझ्याकडे आहे. आल्यापासून. ते नऊ-नऊ तास! ती हवा नव्हती. दिवसा मी तिला उठवत होते आणि रात्री तिचीच झोप पांघरून घोरत होते.

७ जानेवारी
दिवे फोडले. सगळे. फरशी पुसायच्या दांड्यानं. एकेक फुटला तसं बरं वाटत गेलं, इतकं बरं की लाज वाटली. पंख्यांच्या वायरी उपटल्या. आवाराशेजारच्या गजांच्या कप्प्यात एक मोठं लाकडी खोकं आहे, त्यात पेंढा भरला, वर फळ्या टाकल्या, फट ठेवली. मालक ओरडत आले. मी दांडा त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, या.

आले नाहीत.

मधलं दार उघडलं तशी थोरली एकटीच आली, खोक्यात शिरली, आणि मी दार लावून घेतलं. मी उभी राहिले. डोळे ताणून. दुपारी तिचे मिटले.

तर हे असं आहे. मी जागी, तर ती झोपलेली. ती झोपलेली, तर पिल्लं वाचतील.

९ जानेवारी
दोन दिवस. बर्फ गालांना लावते. मुलींची नावं म्हणते, पहिल्या वर्षापासून, रांगेनं. एकदा भिंतीला टेकले, तेवढ्यात खोक्यात पेंढा खसखसला. आता टेकत नाही.

मालकांकडे गेले. हात जोडले. ज्या माणसाला हात जोडायचे त्याचाच— असो. म्हटलं, मला जागं ठेवा, चार-पाच दिवस, डबा बडवा, माझ्या कानाशी बडवा.

खुर्चीत होते. शाल पांघरून. नाडी मिनिटाला दहा.

झोपलाय! हा माणूस झोपलाय! सुखानं, ओठांवर हसू! डबा बडवला त्याच्या तोंडाशी, मनगट सुजेपर्यंत. थोबाडीत मारल्या. एकतीस वर्षांत एका मुलीवर हात उचलला नाही मी. मोजा काढून बघितला. कातडी सुटायला लागली आहे. ऊठ. ऊठ, मेल्या. निदान तुझी तरी परत दे!

नाही उठला.

११ जानेवारी
उभ्यानं लिहिते आहे. खोक्याच्या फटीशी. बसले तर संपलं. नखं तळहातात— पेन्सिल टोचून—
बाकीची सहा रांगेत. माझ्याकडे बघताहेत. उपाशी. ती आत येणार नाहीत, गज आहेत. पण थोरली आतच आहे, तीही उपाशी.
दुपारी थोरलीला कळा सुरू झाल्या. माझ्याही कमरेत. तोंड दाबून धरलं.

१२ जानेवारी
झाली. दोन. मुठीएवढी. आवाज येतो, मधमाशीसारखा, दूध पिताना.
तिनं चाटलं. डोळे न उघडता. छातीवर, तुटलेल्या कोरीखाली घेतलं.
किती सुंदर— 
उघडू नकोस. तीन आठवड्यांची उपाशी आहेस तू. उघडू नकोस.

१३
वाटेवर कुणी नाही. मामा नाहीत.
पायांत जळजळ. बूट काढला नाही. बघणार नाही.
नावं आठवत नाहीत. दुसऱ्या रांगेतली पहिली मुलगी, पिंगट वेणी, ती— तिला अंधाराची भीती—

सकाळ
ऊब येते आहे. कुठून— सगळीकडून—
ओलं लाकूड. नको. नको मला. तुझी आहे, घे, घे ना—
कान हलला तिचा.
नाही, बाळा. काही नाही. निजून राहा. मी आहे जागी, मी बघते आहे, मी जा—