भिंतीवरचा उत्तम कामगार

२१ सप्टेंबर १९९४
पुण्याचा मोटिव्हेशन सेमिनार आटोपून पनवेलला परतलो. माणूस पगारासाठी नाही, कौतुकासाठी राबतो. आमच्या बादल्यांच्या कारखान्यात हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं. दसऱ्याला शेटजी मॅनेजर नेमणार. प्रॉडक्शन वाढलं तर मी, नाहीतर जन्मभर सुपरवायझर. मी मॅनेजर झालो असं अरुंधतीने माहेरी आजच कळवून टाकलं. तिचं मोटिव्हेशन जन्मजात आहे.

२४ सप्टेंबर
स्कीम जाहीर केली : आठवड्याचा उत्तम कामगार! फोटो थेट गेटसमोरच्या भिंतीवर. सगळे भारावले. मशीनवरच्या दीपेशने तेवढं विचारलं, फोटोबरोबर पैसं हायत का? मी नुसता हसलो.

२६ सप्टेंबर
गेल्या आठवड्याच्या आकड्यांत करंजाड्याचा जगन पहिला आला. फोटो मोठा करून काळ्या फ्रेममध्ये बसवला. वर झेंडूचा हार, खाली उदबत्ती. पितृपंधरवडा असूनही फूलवाल्याकडे फ्रेमच्या मापाचे हार तयारच होते. याला म्हणतात बिझनेस!

२७ सप्टेंबर, दुपारी
किरकोळ गैरसमज. जगनची आई जनीबाई त्याचा विसरलेला डबा घेऊन आली आणि भिंत बघून गेटातच बसली. माजा जगू गेला रं, मना कोनी सांगलं पन नाय! जगन धावत आला, तर त्याला बघून आणखीच किंचाळली. शेवटी त्याने डबा उघडून भाकरी खाऊन दाखवली, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. मला गहिवरून आलं. अर्ध्या दिवसाचं प्रॉडक्शन गेलं.

१ ऑक्टोबर
जगन म्हणतो, सायब, आमी काम करू, पन फोटो नाय. आपण पहिले येतोय असं दिसताच दीपेश मशीन बंद करून संडासात जाऊन बसला. कोणीच कोणाच्या पुढे जात नाही. टीम स्पिरिट आलंय! प्रॉडक्शन निम्मं. शेटजींचा फोन आला, मी बाहेर गेलोय असं सांगायला लावलं.

३ ऑक्टोबर
आंघोळ करताना सुचलं. नियम उलटा केला. जो सगळ्यात कमी काम करेल, फोटो त्याचा!

८ ऑक्टोबर
चमत्कार. जेवणाच्या सुट्टीतही मशिनं चालू. बादल्या ठेवायला जागा उरली नाही. अरुंधतीला केबिनचे पडदे निवडायला सांगितले.

१४ ऑक्टोबर, दसरा
मशिनांची पूजा झाली. शेटजी खूश. सहज विचारलं, मग सगळ्यात कमी काम कोणाचं? कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सगळ्यांनी माझ्याकडे. जगन म्हणाला, सायबांनी एक पन बादली काढली नाय. दीपेश हार घेऊन पुढे आला. मला वाटलं, मॅनेजर झालो. मान खाली केली. तो माझ्या शेजारून भिंतीकडे गेला. माझ्या फोटोची फ्रेमही तयार होती!
शेटजी पोट धरून हसले. म्हणाले, फोटोच एवढं काम करतोय, तर मॅनेजर कशाला हवा? माझी बदली कोन गावातल्या गोडाऊनवर.

३१ ऑक्टोबर, कोन
बादल्या आणि मी. पडदे आले, पण गोडाऊनला खिडकी नाही. अरुंधती माहेरचे फोन घेत नाही. कारखान्याचं प्रॉडक्शन आणखी वाढलंय म्हणे. शेवटी स्कीम कोणाची? जनीबाई कारखान्यात डबा द्यायला गेली की माझ्या फोटोला हात जोडते. तिथे माझा हार रोज बदलतात. इथे मला चहासुद्धा कोणी विचारत नाही.