बिनखताचा वाफा

प्रिय अण्णा,

तुमच्या संघातल्या मुलींचं नाव कॉलेजांच्या खो-खो स्पर्धेतून अजून काढलेलं नाही. प्राचार्यबाईंनी आज सकाळी स्वतः फोन करून सांगितलं. मात्र प्रशिक्षक म्हणून उद्यापर्यंत कोणीतरी उभं राहायला हवं, नाहीतर संघ बाद. म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि तुमचं मैदान माझ्या दारात आलं!

खरंच दारात. तुमची कप्तान, निपाणीची पल्लवी, संध्याकाळी बस बदलून घरी आली आणि तिच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली, "अक्का, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. स्वल्प ओरडा. बाकी आम्ही बघतो."

"मला नाही जमणार गं."

"सरांना तरी कुठं जमायचं? शिट्टी वाजवायची सोडून नाचणीवर बोलत बसायचे!"

हसू आलं. पण अण्णा, मी फार दमलेय. तुमचं आजारपण, दवाखाना, माझं सर्जापूर रोडचं ऑफिस. नाही म्हणायचाही कंटाळा आला.

तुम्ही कसे दमला नाहीत? पहाटे मैदान, मग दिवसभर संशोधन केंद्रात नाचणीची नवी वाणं. दोन्हीकडे रीत एकच. अर्ध्या वाफ्यांना खत द्यायचं, अर्ध्यांना नाही. त्याशिवाय खताचा गुण कळत नाही, म्हणायचात. मी संघात असताना एका वर्षी तेच संघावर केलंत! खांबाजवळ सूर मारायची नवी पद्धत अर्ध्याच मुलींना शिकवलीत. चिठ्ठ्या टाकल्या, मी बिनखताच्या वाफ्यात. निवड झाली ती त्या दुसऱ्या अर्ध्यांची. कॉलेजातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं.

आई किती चिडली होती! "अहो, पोरगी म्हणजे नाचणी आहे का?"

"नाचणी रुसत नाही," तुम्ही म्हणालात, आणि ताटाकडे बघत बसलात.

पुढच्या वर्षापासून सगळ्यांना सगळं शिकवलंत. पण मला एकदा तरी "चुकलंच" म्हणायला काय झालं होतं? दवाखान्यातही मी वाट पाहिली. तुम्ही मुलींच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिलात.

आता राग नाही. रागावायलाही अंगात बळ लागतं.

प्राचार्यबाईंना कळवलंय, या स्पर्धेपुरती मी उभी राहते. जिंकायचं वचन देत नाही. पण जिला वगळावं लागेल तिला शेजारी बसवून कारण सांगीन, एवढं नक्की.

उद्या उजाडताना मुली चुन्यानं मैदान आखतील. मला थोडा उशीर होईल. पण येईन.

तुमची,
सुमा