पहाटेचं तिकीट

दादा,

हे पत्र मी धाडणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

आई गेल्यापासून फोनवर तू माझीच समजूत घालतोस, "वेडे, धुक्यापुढे कुणाचं काय चालतं?" मी नुसतं हं हं करते.

चौदा वर्षं मी लोकांना विमानाची तिकिटं काढून देते. थंडीत निघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानीकपाळी ओरडते, की बाबा रे, थेट विमान घे, दुपारचं घे आणि एक दिवस हाताशी ठेव. तुझ्यासाठी तसं तिकीट होतं. समोर पडद्यावर दिसत होतं. मी तुला पहाटेचं काढलं. वाटेत विमान बदलायचं, तेही पाऊण तासात.

तू आलास की आई तुझ्याच हातून जेवायची, आणि वर्षभर तिचं हगणंमुतणं काढणारी मी चहा आणण्यापुरती उरायचे. मला तिचा फक्त एक दिवस हवा होता. तू दुसऱ्या दिवशी आला असतास, तर काय बिघडलं असतं? तिच्याकडे तेवढाच दिवस उरला होता, हे मला काय ठाऊक!

त्या दुपारी तू तिकडे विमानतळावर अडकलेला. मी तिला चमच्याने पाणी पाजत होते आणि ती दाराकडे बघत होती. शेवटी मीच म्हटलं, "आई, दादाला उशीर होईल गं. धुकं आहे."

ती चक्क हसली. माझा हात थोपटत म्हणाली, "तिकीट तू काढलंयस ना? मग येईल तो वेळेवर."

त्यानंतर ती बोलली नाही.

तुझी धाकटी