जुन्या कॉलेजातली फिल्म

मंगळवार, दुपार

प्रिय ठमाकाकू,

पत्रास कारण की, फोनवर मी ओरडतो आणि तू फोन ठेवून देतेस. पत्र निदान फाडावं तरी लागतं.

आईचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. काचेच्या दुकानात आता मोठ्या काचा कापायला देतात. मालक म्हणतो, "डॉक्टर, हात स्थिर आहे तुझा, डोकं तेवढं नाही." कॉलेज सोडलं तरी त्याने डॉक्टर म्हणणं सोडलेलं नाही.

तुझा दोन्ही मेडिकल कॉलेजांत नंबर लागला, पठ्ठी आहेस धाकटे. शुक्रवारपर्यंत एक कॉलेज निवडायचं, आणि बाबांचं मत जुनं, कारण नाव मोठं. माझं मत नवं. अर्धवट सोडून आलेल्याने अक्कल शिकवू नये, असं बाबा म्हणतीलच. तरी ऐक. रेडिऑलॉजीच करायचं असेल तर पाटीवरचं नाव बघू नको. त्या विषयाच्या पुढच्या शिक्षणाच्या जागा तिथे आहेत का, रिपोर्ट लिहितात त्या खोलीत खालच्या वर्गातल्या पोरांना बसू देतात का, सोनोग्राफी स्वतःच्या हाताने कधी करायला मिळते, हे तिथल्या सीनियरना विचार. नव्या कॉलेजात बसू देतात. शिवाय तिथे सगळं संगणकाच्या पडद्यावर. एक्स-रेच्या जुन्या फिल्म नाहीतच. मी जाऊन विचारून आलो.

तू म्हणशील, राणीसरकार जुन्या कॉलेजात आहे म्हणून दादाला ते नको. तिचं ते नाव तूच ठेवलंस. हो, आहे ती तिथे. अजूनही तिच्यासारखी वेणी पाठमोरी दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. तिने नकार दिला म्हणून मी तोडफोड करून आलो, असं घरात सगळे धरून चालतात. मीही चालू दिलं. प्रेमभंग लोकांना लगेच कळतो, जास्त विचारत नाहीत.

तिने नकार दिला नव्हता गं.

त्या कॉलेजात एक पद्धत आहे. नव्या मुलांच्या छातीचा एक्स-रे काढतात आणि फिल्म रेडिऑलॉजी विभागाच्या कपाटात ठेवतात. वर्षानुवर्षं त्यांवरच शिकवतात, नाव झाकून. एकदा सरांनी एक जुनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि राणीसरकारला वाचायला सांगितलं. ती वाचत गेली. तरुण मुलगी. डावं गळ्याखालचं हाड कधीतरी मोडून तिरकं जुळलेलं. उजवीकडे मानेशी एक जास्तीची बरगडी. गळ्यात बारीक साखळी, काढायची राहिलेली. बाकी काही दोष नाही.

झोपाळ्यावरून पडलीस तेव्हाचा तुझा एक्स-रे मीच धरून बसलो होतो. ते हाड आणि ती बरगडी मी झोपेतही ओळखीन. पण कोपऱ्यातली तारीख तुझ्या जन्माच्या आधीची होती.

सर म्हणाले, "आपलीच विद्यार्थिनी. रेडिऑलॉजीच करायची म्हणून आली होती. पहिल्याच वर्षी गेली."

"कशाने?" मी विचारलं.

"कळलं नाही. फिल्ममध्ये काहीच नव्हतं. बघ ना, श्वास किती छान रोखलाय. अजून सोडलेला नाही."

वर्ग हसला. मी पेटी फोडली आणि फिल्म घेऊन बाहेर पडलो. राणीसरकार जिन्यापर्यंत मागे आली. म्हणाली, "वेड्या, अशी हाडं हजारोंची असतात. फिल्म परत दे, मग काय ते बोलू." मी दिली नाही. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

मग मीच स्वतःला समजावलं. तू कधी साखळी घालत नाहीस, म्हणजे ती तू नव्हेस. त्या साखळीवर मी इतके दिवस काढले.

आणि आता तुझं पत्र. निकाल लागला म्हणून आईने साखळी केली. जुन्या कॉलेजात प्रवेशाआधीच्या तपासणीला गेलीस तेव्हा ती काढायची राहिली. एक्स-रे काढणारा ओली फिल्म बघून म्हणाला, "राहू दे, तुझ्या आधीच्या फिल्ममध्येही आहे." त्यापुढे तू लिहिलंस, 'बहुतेक माझा चेहराच सगळ्यांसारखा.' ठमे, तो चेहरा बघत नव्हता, फिल्म बघत होता.

मी फिल्म दुकानाच्या खिडकीला लावली. साखळीला चंद्रकोर आहे. तुझ्या साखळीला काय आहे, ते तू लिहिलेलं नाहीस. कळवू नकोस.

मी वेडा झालोय असं बाबांना वाटलं तर वाटू दे. पण तू माझ्यासारखीच हट्टी, नको म्हटलं की तेच करशील. म्हणून नको म्हणत नाही. नवं निवडलंस तर मी इथे काचा कापत राहीन आणि आयुष्यभर वेडा म्हणवून घेईन. जुनं निवडलंस, तर प्राचार्यांपुढे उभा राहून माफी मागेन. फोडलेल्या पेटीची, सगळ्याची. पुन्हा पहिल्या वर्षात, तुझ्या शेजारच्या बाकावर बसेन. राणीसरकार वरच्या वर्गातून बघून हसेल. हसू दे. त्या कॉलेजच्या दारातून तू एकटी आत जायची नाहीस.

शुक्रवारी एकच शब्द कळव, जुनं की नवं. पिशवी भरून ठेवली आहे.

तुझ्या आधी त्या दारातून आत शिरणारा,
दादा