नव्या गाडीचं जावळ

अण्णा, आधी एक गंभीर तक्रार ऐकून घ्या. माझ्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तरी इंजिन दिसत नाही. वर काळं प्लास्टिकचं झाकण आहे. इंजिन सोवळ्यात आणि मालक ओवळ्यात. तुळजापूरला पूजा केली तेव्हा कुंकूसुद्धा त्या झाकणालाच लागलं.

दुसरी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे. हजार किलोमीटर झाले म्हणून काल लेकीला घेऊन धाराशिवच्या सर्व्हिस सेंटरला गेलो आणि म्हणालो, कंपनीतून आलेलं ऑइल काढून टाका. मेकॅनिक हसला. "सर, पहिल्या सर्व्हिसला नुसतं तपासायचं असतंय. ऑइल दहा हजारला, न्हायतर वर्षानं. पुस्तकातच दिलंय." जन्मभर संस्कृत शिकवताना 'पुस्तकात दिलंय' म्हणून पोरांना गप्प करणारा मी, म्हणालो, "पुस्तक बरोबर असेल, पण आमच्या वडिलांचं मत वेगळं आहे." "मग त्यांना फोन लावा की," तो म्हणाला. मी फोन खिशातून काढला, अण्णा. मग परत ठेवला.

तेर ते धाराशिव प्रवासी नेणारी तुमची पहिली जीप आठवते. कडुलिंबाच्या सावलीत तुम्ही तिच्या पोटाखाली उताणे निजलाय, मी शेजारी उकिडवा बसून घमेलं धरलंय. "नव्या इंजिनात लोखंड लोखंडाला घासतंय. त्याचा चुरा पहिल्या तेलात उतरतो. लेकराचं जावळ काढतात का न्हाय? तसंच हे." मी पाठशाळेतून सुट्टीला आलेलो, नवी विद्या पोटात मावत नव्हती. म्हणालो, "त्याला चूडाकर्म म्हणतात." "लई शिकलास. घमेलं सरळ धर." तोवर तेल सांडून माझ्या पांढऱ्या धोतराचंही चूडाकर्म झालेलं होतं. गिअरचं तेल पुढच्या खेपेला, आणि ब्रेकच्या तेलाला त्याची मुदत भरेपर्यंत हात लावायचा नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. मग निथळलेलं तेल अंगठ्यानं बोटावर चोळत तुम्ही डोळे मिटलेत. "हं. बारीक वाळू लागतीया."

तुमच्या शेवटच्या जीपच्या वेळी मात्र तुम्ही ते तेल माझ्या बोटावर ठेवलंत. "तू बघ. काय लागतंय?" मी शिक्षक झालो होतो, मला वाटलं, आता परंपरा माझ्याकडे आली. फुगून म्हणालो, "चुरा आहे, अण्णा." तुम्ही नुसती मान हलवलीत आणि फडक्यानं हात पुसत बसलात. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होतात. त्याच वर्षी तुमच्या तळपायात खिळा गेला आणि तुम्हाला तो कळलाच नाही. चपलेत रक्त आईनं पाहिलं. रक्तात साखर आहे, हे आम्हाला तेव्हा समजलं. त्या जखमेनंच तुम्हाला नेलं.

काल शेवटी मेकॅनिकनं हात टेकले. "बरं सर, गाडी तुमची." तेल काढून त्यानं ट्रे उन्हात धरला. "चमकतंय थोडं. नव्या गाडीला असतंय एवढं, भ्यायचं काम न्हाय." मी बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं, तुमच्यासारखे डोळे मिटले. काहीच नाही. दुसऱ्या बोटावर घेतलं. तेही तसंच. लेक शेजारी उभी होती. मी तेल तिच्या बोटावर ठेवलं. "तू बघ. काय लागतंय?"

"बारीक कचकच लागतेय, बाबा!" केवढी खूश झाली ती. मी फडकं मागून घेतलं आणि हात पुसत बसलो, आणि पुसता पुसता तुमचं ते हात पुसणं आठवलं.

या पाकिटावर पत्ता यायचा नाही, म्हणून तेवढं तुम्हालाच सांगतो. माझ्या बोटांना काही लागत नाही, अण्णा. चहा गरम आहे हे हल्ली कपाला धरून कळत नाही, ओठाला लागल्यावर कळतं. घरात कुणाला बोललेलो नाही. गाडीचं तेल हट्टानं तपासून घेतलं. माझं रक्त तपासायला द्यायची मला भीती वाटते.