आई चालत गेली होती का

प्रिय रुपालीताई,

बाळाचा फोटो आईला दाखवला. बराच वेळ बघत होती. झोपेचं औषध थांबवून आठ दिवस झाले, ती जागी असते, पण हातपाय हलत नाहीत. तू फोनवर विचारतेस आणि मी ‘सुधारतेय’ म्हणून मोकळा होतो. तुझं सिझेरियन नुकतंच झालेलं, अकोल्याहून तू येणार कशी, म्हणून खरं सांगितलं नाही. निदान हे एक कारण होतं.

न्यूमोनियासाठी दाखल केलं तेव्हापासून, म्हणजे सतरा दिवस, ती व्हेंटिलेटरवर आहे. मेंदूचा स्कॅन चांगला आला. मग नसांच्या डॉक्टर उम्मेहानी शेख आल्या. त्यांनी मला बसवून समजावलं. इतका मोठा आजार, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, त्यात नुसतं पडून राहणं. यानेही नसा आणि स्नायू लुळे पडतात. त्यावर व्यायाम करायचा आणि वाट बघायची, एवढंच. पण जीबीएस असेल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटली असेल, तर इंजेक्शनं आहेत, आणि ती जितकी लवकर तितकी बरी. नसांच्या तपासणीतून नक्की कळेना. म्हणून त्यांनी विचारलं, “आधी काय झालं? पाय गेले की न्यूमोनिया? घरात त्या नीट चालत होत्या का?”

मी म्हणालो, “हो मॅडम, अगदी नीट.”

ताई, ती चालत नव्हती. दाखल करायच्या तीन दिवस आधी भिंतीला धरून माझ्या खोलीशी आली. “दिगू, माहे पाय मले माहे वाटत नाहीत रे,” म्हणाली. माझा खराडीच्या ऑफिसचा कॉल चालू होता. हेडफोन न काढता मी म्हणालो, “मग आता काय, ऑलिम्पिकला जायचंय का?” ती हसली आणि परत गेली. हॉस्पिटलला नेताना मी तिला उचलून रिक्षात बसवलं होतं.

चार दिवस हे पोटात ठेवलं. परवा सांगून टाकलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “हे चार दिवसांपूर्वी हवं होतं.” पाठीतलं पाणी तपासलं, जीबीएसच आहे. कालपासून इंजेक्शनं चालू आहेत. किती परत येईल, हे त्या सांगत नाहीत.

आज नातेवाइकांच्या ग्रुपवर तू लिहिलंस, ‘दिगूने आईला वाचवलं.’ त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. ते वाचवेना, म्हणून हे पत्र. दुपारी आईलाही सगळं सांगितलं, तुला आठवतंय का, असं विचारलं. ‘हो’ म्हणायचं असलं की ती डोळे मिटते. तिने मिटले. मी बाहेर येईपर्यंत उघडले नाहीत.

तुझाच,
दिग्विजय